भाग दोन चालतो का? देवाच्या कौटुंबिक विनोदी नाटकाबद्दल नेहमी येणारे प्रश्न

वेंगुर्ला-मालवण पट्ट्यातल्या आमच्या वाडीत गणपतीच्या तिसऱ्या रात्री देवळाच्या सभामंडपात नाटक होतं. त्याची जुळवाजुळव माझ्याकडे असते, म्हणजे तालमीला दांडी मारणाऱ्याला घरून उचलून आणण्यापासून पडद्याच्या दोरीपर्यंत सगळंच. एका वर्षी केलेलं देवाधर्माचं विनोदी नाटक लोकांना एवढं आवडलं की आम्ही त्याचा दुसरा भाग लिहिला. तेव्हापासून शेजारच्या वाड्यांतली मंडळं, मुंबईहून येणारे चाकरमानी आणि पोरांना आणावं की नाही या चिंतेतल्या आया तेच तेच प्रश्न विचारतात. फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

पहिल्या भागात नेमकं काय होतं?

मूळ घर एक, भाऊ तीन. एक घरी शेती-बागायत बघणारा, एक मुंबईत, एक गोव्यात. चुली वेगळ्या झाल्या, सातबाऱ्यावरून बोलणं बंद झालं, पण गणपती एकच, मूळ घरातला. पाचव्या दिवशी विसर्जनाला उचलायला जातात तर मूर्ती पाटावरून हलत नाही. एक भाऊ ओढतो, दोघे ओढतात, शेजारचा पैलवान बोलावतात, तरी नाही. का हलत नाही ते फक्त उंदराला माहीत, आणि तो ते भावांना न सांगता प्रेक्षकांना सांगतो. शेवटी तिघांनी मिळून हात लावल्यावर देव उठतो. पुढचा प्रश्न टाळण्यासाठी सांगतो: होय, शेवट पहिल्या दहा मिनिटांत कळतो. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि दुसऱ्यात?

समेट झाल्यावर तिन्ही भावांना एकदम भक्तीचा उमाळा येतो. पुढच्या चतुर्थीला तिघेही आपापला गणपती घेऊन त्याच घरात दाखल होतात. एका घरात तीन गणपती. देव एकच नट करतो, तीन खोल्यांत तोच. उंदीर मात्र तीन, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. आरती आधी कुणाच्या देवाची, नैवेद्य आधी कुठे, यावरून घर पुन्हा पेटतं.

पहिला भाग न पाहता दुसरा कळतो का?

कळतो. कळायलाच हवा. गावच्या प्रेक्षकांतले निम्मे लोक पहिल्या वर्षी सुट्टी न मिळाल्याने आलेले नसतात, आणि आलेल्यांपैकी काही जण मध्येच भजनाला निघून गेलेले असतात. आम्ही सुरुवातीला एक गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडायची विनवणी. गावकर उभा राहून ‘बा देवा महाराजा’ म्हणतो आणि गाऱ्हाण्याच्या ओघातच गेल्या वर्षीची सगळी भानगड देवाच्या कानावर घालतो. प्रत्येक वाक्याला लोकांमधून ‘होय महाराजा’. दोन मिनिटांत मागचं सगळं सांगून झालं आणि ते सांगणं आहे असं कुणाला वाटलंही नाही. पहिल्या मसुद्यात हेच काम एक निवेदक करत होता. तालमीत आमच्याच पेटीवाल्याला त्यात डुलकी लागली, तेव्हा निवेदकाला रजा दिली.

मग सरळ सांगा, दुसरा भाग चालला का?

पहिल्या रात्री नाही. दुसऱ्या प्रयोगापासून चालला. यात काय घडलं ते नीट सांगतो, कारण दुसरा भाग बसवणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकायला हवं.

पहिल्या भागाला टाळ्या मिळाल्या की लिहिणाऱ्याचा समज होतो, लोकांना आपला विचार आवडला. मी त्याच समजात होतो. म्हणून दुसऱ्या भागाच्या शेवटी मधल्या भावाला एकोप्यावर दहा मिनिटांचं भाषण दिलं. भाषण चांगलं होतं, अजून म्हणेन. पण ते सुरू झालं आणि मागच्या रांगेतले लोक उठून उसळपाव खायला गेले. मी विंगेतून बघत होतो. आधी पोरं, मग पोरांना शोधायला त्यांचे बाप, मग बापांना शोधायला आया. भाषण संपलं तेव्हा समोर म्हातारी माणसं उरली होती, आणि ती गुडघ्यांमुळे उरली होती.

पण त्याच रात्री एक प्रवेश असा रंगला की आम्हालाही त्याची कल्पना नव्हती. तीन गणपती म्हणजे प्रत्येकी एकवीस, एकूण त्रेसष्ट मोदक. घरात आडाळो, म्हणजे नारळ खवायची विळी, एकच. थोरली वहिनी आडाळ्यावर बसून नारळ खवते आणि तिच्या डोक्यावर तिन्ही भावांचं भांडण चालू राहतं. तिला एकही वाक्य नाही. नारळ खरा, आडाळो खरा, खवण्याचा आवाज खरा. ही भूमिका करणारी बाई वाडीतलीच, घरी दरवर्षी स्वतः मोदक करणारी. भावांपैकी कुणी ‘माझा देव’ म्हणाला की तिचा हात थांबायचा, ती एकदा वर बघायची आणि पुन्हा खर्र सुरू. तिसऱ्यांदा हात थांबला तेव्हा बायकांच्या बाजूने हशा फुटला, आणि मग दर खेपेला फुटत गेला. दुसऱ्या प्रयोगाला पुढच्या रांगेतल्या एका आजी उठून रंगमंचाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “माका दी गो, दमलंस तू.” हे लिहिलेलं नव्हतं. वहिनीने खरंच अर्धी वाटी त्यांच्या हातात दिली.

भाषण त्याच रात्री कापलं. एकोप्याचं जे काही म्हणायचं होतं ते आडाळ्याने आधीच म्हणून टाकलं होतं. लोक दुसऱ्या भागाला येतात ते त्या घरात पुन्हा जायला: वहिनी कशी आहे, धाकट्याचं लग्न जमलं का, उंदीर काय म्हणतो. गजाल, म्हणजे गोष्ट, पुढे न्या, लोक बसतात. शिकवायला लागलात की उसळपाव जिंकतो.

देवावर विनोद केलेला कोकणात चालतो?

कोकणात तो चालत आलेलाच आहे. दशावतार बघा, आमच्याकडचं रात्रभर चालणारं देवादिकांचं लोकनाट्य. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, गणपती येतो, सरस्वती येते, आणि मग वेद पळवणारा संकासूर येऊन भटजीची अशी काही फिरकी घेतो की पोरं गडाबडा लोळतात. पुढे विष्णू त्याला मारतो, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. रत्नागिरीकडच्या नमन या लोकनाट्यात गवळणींबरोबर मावशी येते आणि कृष्णाला वाट्टेल ते बोलते. तिथे कुणाच्या भावना दुखावल्याचं मी ऐकलेलं नाही, कारण कृष्णाला बोलायचा तिचा हक्क लोकांनी मान्य केलेला आहे.

आणि मालवणी माणसाला ‘वस्त्रहरण’ वेगळं सांगायला नको. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं, मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच होऊन गाजवलेलं, १९८० साली रंगमंचावर आलेलं आणि पाच हजारांवर प्रयोग झालेलं नाटक. त्यात महाभारत आहे, द्रौपदी आहे, पण हसू येतं ते महाभारत करायला निघालेल्या गावकऱ्यांचं. धर्मराजाचं कुणी हसं करत नाही, धर्मराज झालेल्या माणसाचं होतं.

आम्हीही तीच रेघ पाळतो. एकदा ती चुकली. तालमीत एकाने गणपतीच्या पोटावरून कोटी केली, आम्ही पोट धरून हसलो, ठेवू म्हटलं. प्रयोगात गणपती प्रवेश करताच पहिल्या दोन रांगांतल्या बायका उठून हात जोडून उभ्या राहिल्या. समोर कोण नट आहे हे त्यांना माहीत होतं. सकाळी त्याच्याकडूनच त्यांनी बांगडे घेतले होते. तरी हात जोडले. त्यानंतर ती कोटी आली आणि अख्ख्या मंडपात असा शुकशुकाट झाला की पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. मध्यंतरात वाक्य कापलं. देव हसवू शकतो, देवाला हसायचं नाही. उंदराला काहीही बोलायची मुभा आहे, कारण तो लहान आहे आणि चोरून मोदक खातो.

दशावतारी कंपनीत गणपतीचा मुखवटा पूजेतला असतो आणि तो चढवणारा त्या रात्री वेगळ्याच भानात असतो. आमच्या नटानेही पुढे प्रयोगाच्या दिवशी मासे न खाण्याचं आपणहून ठरवलं. धंदा मासे विकायचा, त्यामुळे त्या दिवशी दुकानावर त्याचा भाऊ बसतो.

ग्रामदेवतेचं नाव घ्यावं का?

नाही. गणपती घराघरातला असतो, त्याच्याशी लाडीगोडी चालते. ग्रामदेवता आणि राखणदार वेगळे. त्यांचं नाव गाऱ्हाण्यात आदराने येईल तेवढंच. आम्ही दुसऱ्या भागाला हात घालण्याआधी देवळात कौल लावला होता, म्हणजे देवाची परवानगी विचारली होती. उजवा कौल मिळाला. डावा आला असता तर नाटक केलं नसतं, असं मी आता छातीठोकपणे सांगतो. तेव्हा हॉल-मंडपाची आगाऊ रक्कम देऊन झाली होती.

सिनेमात असे दुसरे भाग कसे ठरले?

हा प्रश्न मुंबईकर पुतणे विचारतात. दोन उदाहरणं पुरेत.

हिंदीत ‘ओ माय गॉड’ २०१२ साली आला. मुळात ‘कानजी विरुद्ध कानजी’ हे गुजराती नाटक. भूकंपात दुकान गेलेला माणूस देवावरच दावा लावतो, कारण विमा कंपनी ‘ही देवाची करणी’ म्हणून हात वर करते. आजीपासून नातवापर्यंत सगळे एका खोलीत बसून बघतात असा चित्रपट. दुसरा भाग २०२३ मध्ये आला. त्यात शिवभक्त बाप शाळेत लैंगिक शिक्षण मिळावं म्हणून कोर्टात जातो. विषय शाळकरी मुलाचा, आणि सेन्सॉरने प्रमाणपत्र दिलं ‘ए’, म्हणजे अठराच्या आतल्याला थिएटरात मज्जाव. अक्षयकुमारची भूमिकाही शंकराऐवजी शंकराच्या दूताची झाली. चित्रपट चालला, कौतुकही झालं. पण ज्या मुलांसाठी तो बोलत होता ती बाहेर आणि आई-बाप आत. आमच्याकडे पहिला भाग घरचे सगळे मिळून बघतात, दुसरा जो तो आपापल्या मोबाइलवर बघतो.

दुसरं उदाहरण हॉलिवूडचं. २००३ मध्ये जिम कॅरीचा ‘ब्रूस ऑलमाइटी’ आला: कुरकुऱ्या माणसाला देव काही दिवस आपली सगळी ताकद देऊन टाकतो. सुमारे ८ कोटी डॉलर खर्च, जगभरात सुमारे ४८ कोटींची तिकीटविक्री. २००७ च्या दुसऱ्या भागात देव तोच, मॉर्गन फ्रीमन; पण नायक गेला आणि पहिल्या भागातलं दुय्यम पात्र पुढे आलं. गोष्ट नोहाच्या तारवाची, सगळ्या कुटुंबाने बघावी अशी मवाळ केलेली. खर्च सुमारे १७.५ कोटी डॉलर, आणि विक्री जेमतेम तेवढ्यापर्यंत पोचली. माझ्या मते चूक तारवाची नाही. पहिल्यात लोक एका माणसाची तडफड बघायला गेले होते, दुसऱ्यात त्यांना जनावरांची रांग दाखवली. आडाळो सोडून भाषण देण्याचाच तो प्रकार, फक्त आमच्यापेक्षा महाग.

लहान मुलांना आणावं का?

आणा. शिवीगाळ नाही, दारूचा एकच प्रवेश आहे आणि त्यात बाटलीत कोकम सरबत निघतं. उंदरांच्या मारामारीच्या वेळी अगदी पुढे बसवू नका, लाडू उडतात.

चित्रपट लावणाऱ्या मंडळांनी मात्र प्रमाणपत्र बघूनच पडदा लावावा. आता ‘यूए’मध्येही ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आले आहेत. पोस्टरवर देवाचा फोटो आहे म्हणून बालवाडी समोर बसवायची, हे एका मंडळाने केलं होतं. तिथल्या आया अजून त्या अध्यक्षाशी बोलत नाहीत.

गणपती करणारा नट बदलला तर चालेल?

उंदीर बदला, भाऊ बदला, वहिनी शक्यतो बदलू नका. देव बदलताना विचार करा. आमचा पहिला नट एका वर्षी बोटीवर नोकरीला लागला आणि त्याच्या जागी दुसरा घेतला. आवाज चांगला, उंची चांगली. पण पहिल्या प्रवेशाला एक पोरगं मोठ्याने म्हणालं, “ह्यो आमचो गणपती न्हय!” पुढची पंधरा मिनिटं त्या बिचाऱ्याला वर यायला लागली. पुढच्या प्रयोगात आम्ही उंदराच्या तोंडी घातलं, “यंदा मूर्तिकार बदललो वाटता.” हशा झाला आणि मंडळींनी नवा देव स्वीकारला. बदल लपवायला गेलात तर लोक तेवढाच बघत बसतात.

मुंबईत वाढलेल्या नातवंडांना मालवणी कळतं का?

अर्धं कळतं, उरलेलं शेजारी बसलेली आजी सांगते. त्या सांगण्यात पुढचं वाक्य हुकतं, ते आजोबा सांगतात. चालतं. आम्ही मुंबईकर भावाला प्रमाण मराठी आणि गोव्याच्या भावाला कोकणीमिश्रित बोली दिली आहे, त्यामुळे प्रत्येक घराला कुणीतरी आपला वाटतो. प्रयोग मुंबईत करणार असाल तर भाषा पातळ करू नका. परळ-लालबागचा प्रेक्षक मालवणी ऐकायलाच येतो.

लांबी किती असावी?

दोन तास, मध्यंतर धरून. दशावतार रात्रभर चालतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो हे खरं, पण त्याचा हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासूनचा, आणि बघणारा मध्ये खाजं खाऊन येतो, झोपून उठतो, पुन्हा बसतो. चतुर्थीचं गणित निराळं. प्रत्येक घरी आरती, भजन, फुगड्या. नऊच्या आधी माणूस जमत नाही. आणि ध्वनिवर्धकाचा नियम रात्री दहाचा. सरकार वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट देतं, ते दिवस आपल्या जिल्ह्यात कोणते हे आधी पोलीस ठाण्यात विचारा. तुमची रात्र त्यात नसेल तर माईक बंद करून करायची तयारी ठेवा. आम्ही एकदा केलं. वीज गेली होती, त्यामुळे माईकचा प्रश्नच उरला नाही. गॅसबत्तीत आडाळ्याचा आवाज आणखी चांगला लागला.

कागदपत्रं काय लागतात?

नवी संहिता म्हणजे नवी तपासणी. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पहिल्या भागाचं प्रमाणपत्र दाखवून दुसरा भाग खपवता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या नाटकाचा पुढचा भाग लिहायचा असेल तर मूळ लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन. लेखक हयात नसेल तरी वारसांकडे जावं लागतं. मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात किंवा रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात प्रयोग करायचा विचार असेल तर ही कागदं आधी जमवा, तारीख नंतर मागा.

त्यापेक्षा दशावतारी कंपनीलाच सांगितलं तर?

सांगा, पण ‘भाग दोन’ म्हणून सांगू नका, ते हसतील. त्यांच्याकडे संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि संवाद थेट बाकड्यासमोर उभं राहून सुचतात. तोच नट काल भीम होता, आज शंकर असतो, आणि प्रेक्षक दोन्ही रात्री त्यालाच बघायला आलेला असतो. देव तेच, लोक तेच, गोष्ट आजची. आम्ही कष्ट करून जे लिहिलं ते ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या न लिहिता करत आली आहेत. पायपेटी, पखवाज, झांज आणि एक बाकडं एवढ्यावर. आमच्या तिन्ही उंदरांना मी तालमीआधी एक अख्खी जत्रा बघायला पाठवलं होतं. दोघे शिकून आले, एक झोपला. तो कुठला ते प्रयोगात ओळखू येतं.

तिसरा भाग येणार का?

गोष्ट तयार आहे. भाऊ मूळ घर दुरुस्त करायला काढतात आणि चतुर्थी आली तरी छप्पर चढलेलं नसतं, मग देव कुणाच्या घरी उतरणार? मात्र थोरल्या वहिनीने अट घातली आहे की यंदा आडाळ्यावर भावांपैकी कुणीतरी बसायचं, आणि नारळ खराच हवा. तिन्ही नटांना विचारून झालं. सोलायला तिघेही तयार आहेत. खवायला येतं असं अजून कुणी म्हटलेलं नाही, म्हणून श्रावणात आधी त्याचीच तालीम लावली आहे.